आत्याबाई बोलतायत

१

सकाळी रेडिओ केंद्राच्या मागच्या जिन्याने वर जायचं, स्टुडिओचं जाड दार खांद्याने ढकलायचं, जिभेखाली कोटाचं एक मोठं बटण ठेवायचं आणि साठीची बाई व्हायचं, ही माझी नोकरी होती. बटणामुळे जीभ जड होते. शब्द सावकाश आणि जरा ओले बाहेर पडतात. आवाज खाली उतरवायचा, वाक्याच्या शेवटाला थोडं थकायचं, की झाल्या आत्याबाई तयार.

लोक फोन करून यंत्रावर आपापली रडगाणी बोलून ठेवत. सून उलट बोलते. नवरा बोलतच नाही. मुलगा खोलीचं दार लावून बसतो. मी सकाळी उत्तरं रेकॉर्ड करायची आणि दुपारी, जेवणं आटोपून लोक आडवे झाले की, ती प्रसारित व्हायची. आत्याबाई खरंतर कोण आहे हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, ही कामाची पहिली अट. केंद्राच्या साहेबांनी त्यावर आणखी कडी केली होती. केंद्राच्या आतसुद्धा मला खऱ्या नावाने हाक मारायला बंदी. "एकदा जिभेला खरं नाव लागलं की कधीतरी माइकसमोर घसरतंच," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे रेकॉर्डिस्टपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांसाठी मी आत्याबाईच. मावशी माझ्या आईच्या वयाच्या, आणि मला म्हणायच्या, "आत्याबाई, जरा पाय वर घ्या, पुसून काढते."

घरी मी 'रेडिओत टायपिंग' करत होते.

घरी का सांगितलं नाही? कारण घरात माझं ऐकणारं कुणी नव्हतं आणि आत्याबाईंचं ऐकणारे चौघे होते. आई, बाबा, मोठे काका आणि काकू. मोठे काका म्हणजे घराचं शेवटचं वाक्य. बाबा म्हणजे त्या वाक्याचा पूर्णविराम. मी कॉलेजपासून घसा फोडून सांगत होते की जेवल्यावर आपापलं ताट उचलावं, पुरुषांचे हात काही झिजत नाहीत. उत्तर यायचं, "जास्त शिकलीस." मग एका दुपारी आत्याबाईंनी तेच सांगितलं, थकल्या आवाजात, दोन उसासे घालून. त्या रात्री काकांनी ताट उचललं. वर मला म्हणाले, "बघ, हा अनुभव बोलतो. तुझ्यासारखी नुसती टकळी नाही."

मी उशीत तोंड खुपसून हसले. आणि नंतर बराच वेळ मला संतापाने झोप लागली नाही.

२

तो दिवस सुट्टीचा होता. रेकॉर्डिंग मी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं, म्हणून कार्यक्रमाच्या वेळी मी घरात होते. काका आरामखुर्चीत, काकू आणि आई जमिनीवर भाजी निवडत, बाबा वर्तमानपत्राआड. मी आतल्या खोलीत माझाच आवाज ऐकत केस विंचरत होते. शेवटचा प्रश्न संपला. 'सांभाळून राहा, एकमेकांना धरून राहा,' हा आत्याबाईंचा निरोप झाला. त्यानंतर वाद्यवृंदाची चार सेकंदांची धून लागते.

धून लागली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आणि बाई, दूध बघ. वर आलंय."

"अगं बाई!" म्हणत आई उठली आणि स्वयंपाकघरात पळाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. "थोडक्यात वाचलं!" ती तिथूनच ओरडली. काकू हसायला लागल्या. काका म्हणाले, "याला म्हणतात बारीक लक्ष."

कंगवा माझ्या केसांत तसाच राहिला. ते वाक्य मी बोलले नव्हते.

बोलले असेनही. दुपारी हजार घरांत दूध तापत असतं. कुणीही हजार घरांना 'दूध बघ' म्हटलं, तर एखाद्या घरात ते वर येणारच. मीच गंमत म्हणून बोलले असेन आणि विसरले असेन. तिसऱ्या वर्षाला मला संख्याशास्त्र होतं, असल्या योगायोगाला मी घाबरणार नव्हते.

फक्त एक होतं. मी विसरत नाही. विसरण्याचं काम आमच्या घरात मोठ्यांकडे आहे.

३

रेकॉर्डिस्ट हा माझ्याहून थोडाच मोठा, कानावरचे हेडफोन काढून बोलणं त्याला जिवावर येतं. मी त्याला तो भाग पुन्हा लावायला सांगितला.

"कशाला? छान झालंय की."

"लाव म्हणते ना."

त्याने लावला. निरोप. मग जराशी शांतता, आणि त्या शांततेत एक बारीक आवाज, म्हातारी माणसं खुर्चीत टेकताना 'आई गं' म्हणतात तसा. मग ते दुधाचं वाक्य.

"हे तू कुठून जोडलंस?"

"मी कशाला जोडू? तुम्हीच बोललात, आत्याबाई."

"मला आत्याबाई म्हणू नकोस. दार बंद आहे, कुणी ऐकत नाही. माझ्याशी सरळ बोल."

तो गोंधळला. "मग काय म्हणू?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की या माणसाला माझं नाव माहीतच नाही. वर्षभर आम्ही एका काचेच्या दोन बाजूंना बसत होतो. मी त्याला नाव सांगितलं. त्याने मान डोलावली. "चांगलं आहे," म्हणाला, आणि लगेच, "बरं, आजच्या प्रश्नांना सुरुवात करायची का, आत्याबाई?"

मी टेबलाचा ड्रॉवर इतक्या जोरात लोटला की अंगठा त्यात सापडला. मावशींनी कापसाची पट्टी बांधून दिली. "एवढा राग बरा नाही या वयात," म्हणाल्या. कुठल्या वयात, हे विचारायचं मी टाळलं.

४

त्याच आठवड्यात मला दुसऱ्या शहरातल्या वर्तमानपत्राचं बोलावणं आलं. बातमीदाराची जागा. संपादक बाईंनी फोनवर सांगितलं होतं, "आमच्याकडे बातमीखाली लिहिणाऱ्याचं नाव जातं. पूर्ण नाव." ते ऐकून मी गच्चीत जाऊन एकटीच नाचले होते. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं.

घरात मी हे जेवताना सांगितलं. चूकच झाली, भरल्या तोंडाने नाही म्हणायला लोकांना सोपं जातं.

"परगावी? एकटी?" काका म्हणाले.

"एकटीच जातात नोकरीला. वरात काढून नाही जात."

"ऐकलंस?" काका आईला म्हणाले. "ही जीभ घेऊन ही लोकांत राहणार."

"बाबा, तुम्ही काहीतरी बोला."

बाबा म्हणाले, "दादा म्हणतोय तर विचार करू."

"विचार तुम्ही कधी केलाय? तुम्ही फक्त 'विचार करू' म्हणता!"

"अगं, हळू," आई म्हणाली. तिने माझ्या ताटात भात वाढला. आईला भांडणात दुसरं काही सुचत नाही.

दोन दिवसांनी स्टुडिओत मी हेडफोन लावले आणि पहिलाच प्रश्न लागला. त्या बाईने घसा खाकरला. मग माझ्या कानात, अगदी आत, माझ्या आईचा आवाज आला.

"आत्याबाई, नमस्कार. मी नाव सांगत नाही. माझी मुलगी परगावी नोकरी धरायची म्हणते. घरातले मोठे नको म्हणतात. मला तर दोन्हीकडचं पटतं. मुलगी गुणी आहे हो, पण फार तडतड करते. ती गेली तर घर कसं सुनं होईल... तुम्ही सांगाल तसं करीन. तुमच्यावर माझा फार विश्वास."

मला म्हणायचं होतं, आई, मी शेजारच्या खोलीत झोपते, मला विचार की! पण मी बटण जिभेखाली सरकवलं. नाव लपवून ती मला विचारत होती, नाव लपवून मी तिला उत्तर देणार होते. आमच्या घराला सरळ रस्ता मानवत नाही, त्याला मी काय करू?

"बाई," मी आत्याबाईंच्या आवाजात म्हटलं, "तिला जाऊ दे. तोंड असलेली माणसं कुठे हरवत नाहीत. घर चार दिवस सुनं वाटेल, मग सवय होईल. मोठ्यांना माझं नाव सांग. म्हणावं, आत्याबाई म्हणाल्या पाठवा."

रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून अंगठा दाखवला. मी ते लगेच पुन्हा लावून ऐकलं. शब्द न् शब्द माझा होता. ते आजवर मी दिलेलं सगळ्यात चांगलं उत्तर होतं. खरं सांगायचं तर थोडं डोळ्यांत पाणीही आलं.

५

दुपारी मी मुद्दाम घरी आले. आई रेडिओच्या इतकी जवळ बसली होती, जणू आत कुणी बसलंय आणि हिला त्याच्या कानात काही सांगायचंय. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं की प्रश्न तिचा आहे. पण प्रश्न लागल्यावर सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती पदराशी चाळा करत राहिली.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. हसू आवरत.

"बाई," आत्याबाई म्हणाल्या, "तिला समजवायला जाऊ नकोस. ती ऐकायची नाही. तुला घरात मुलगी हवी ना? राहील हो. मी बघते. मुलगी घरातच राहील, आणि चांगली राहील."

आईने डोळे मिटून हात जोडले. काकांनी मांडीवर थाप मारली. "झालं! मिटलं!"

"हे मी बोलले नाही," मी म्हटलं.

"तू कशाला बोलशील? आत्याबाई बोलल्या."

"मीच आत्याबाई आहे!"

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातल्या मांजराने पाणी मागितलंय. मी सगळं सांगून टाकलं. मागचा जिना, साहेबांचा नियम, सगळं. पर्समधून बटण काढून तोंडात टाकलं आणि त्यांच्यासमोर, भर दुपारी, आत्याबाईंच्या आवाजात म्हणाले, "एकमेकांना धरून राहा."

काकूंना हसू फुटलं. "हुबेहूब गं!"

"हुबेहूब कुठे?" आई म्हणाली, न रागावता, अगदी मनापासून. "आत्याबाईंच्या आवाजात माया असते. ही नक्कल आहे."

"आई, नक्कल नाही! वर्षभर तू मलाच ऐकतेस! ताट उचलायचं कुणी सांगितलं? मी! तुमच्या घरात मी बोलले की ती टकळी, आणि तेच म्हातारी बोलली की वेद! माणसं आहात का कोण आहात?"

"ओरडू नकोस गं," रेडिओतून आवाज आला. "घसा बसेल."

भाजीची चाळणी आईच्या मांडीवर होती, त्यातली एक शेंग घरंगळून खाली पडली. तेवढाच आवाज.

मग काका म्हणाले, "बघ. आत्याबाईंनासुद्धा कळलं."

आणि काकू परत हसल्या, आणि बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. मला आत्याबाईंची तेव्हा भीती वाटली नाही. या चौघांची वाटली. मी स्वतःला समजावलं की आणखी कुणाच्या तरी घरात आणखी एक मुलगी ओरडत असेल आणि तिच्या आईने प्रश्न विचारला असेल. पण त्या दिवशीचे सगळे प्रश्न मी ऐकले होते. असा प्रश्न नव्हता.

मी बटण खिडकीतून खाली टाकलं आणि चप्पल पायात सरकवली.

६

मला एक साक्षीदार हवा होता. रेकॉर्डिस्टला धरून घरी आणायचं, आईसमोर उभं करायचं आणि वदवून घ्यायचं. बास.

केंद्रात दुपारची सामसूम होती. मावशी पायऱ्यांवर बसून चहा पीत होत्या. रेकॉर्डिस्ट व्हरांड्यात, हेडफोन गळ्यात. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण सारखा स्टुडिओच्या दाराकडे बघत होता.

"चल माझ्याबरोबर. एवढंच सांगायचं, की ही मुलगी आत्याबाई म्हणून बोलते."

"पण मी तुमच्याबरोबर आत्ता कसा येऊ?" तो म्हणाला. "तुम्ही आत रेकॉर्डिंगला बसलाय ना."

"मी तुझ्यासमोर उभी आहे, गाढवा!"

"हो," तो म्हणाला. घाम पुसला. "तेच मला कळत नाहीये. मघाशी आत गेलात, मी माइक चालू करून दिला. पाणी मागितलंत म्हणून बाहेर आलो. तर तुम्ही जिन्यावरून येताय."

दारावरचा लाल दिवा लागला होता. दाराला डोळ्याच्या उंचीवर एक अरुंद काच आहे. आत रेकॉर्डिंग चालू असताना कुणी डोकावलं, की मी न वळता हात वर करते. थांबा, अशा अर्थाने. ती माझी सवय.

मी काचेला नाक लावलं. आत टेबलावरचा दिवा, माइक, आणि माझ्याकडे पाठ केलेली उंच खुर्ची. खुर्चीत कोण होतं ते दिसत नव्हतं. जाड दारातून आवाज येत नाही, तसा तो आलाही नाही. फक्त काचेला लागलेल्या माझ्या नाकाला एक हलकी थरथर जाणवत होती, आत कुणी सावकाश, खालच्या पट्टीत बोलत असावं तशी.

मग खुर्चीच्या कडेने एक हात वर आला. थांबा.

मला सुरकुतलेला हात अपेक्षित होता, हे आता कबूल करते. त्याला मी तोंड दिलं असतं. म्हाताऱ्या माणसांशी भांडायची मला सवय आहे. पण तो हात तरुण होता. आणि त्याच्या अंगठ्याला कापसाची पट्टी होती.

मी माझा अंगठा पाहिला. पट्टी होती. म्हणजे माझी माझ्याकडेच होती. त्या क्षणी मला एवढाच हिशेब सुचला.

"साक्षीला येऊ का मग?" रेकॉर्डिस्टने मागून विचारलं. "पण कुणाच्या?"

७

रविवारी पहाटे मी बॅग भरली. भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती, वाक्यं पाठ केली होती. दार अडवतील, आई रडेल, काका दम देतील. त्यातलं काहीच झालं नाही. काका बाहेरच्या खोलीत दाढी करत होते, त्यांनी आरशातून पाहिलं आणि गालावर पुन्हा वस्तरा फिरवला. आई स्वयंपाकघरात होती. "आई, मी निघाले," मी म्हटलं. "बरं," ती म्हणाली, आणि गॅसकडे वळून, हलक्या, प्रेमळ आवाजात, "तू झोप अजून थोडी."

कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही. रागाचा एक फायदा असतो, माणूस मागे वळून पाहत नाही. मी दार जोरात आपटलं. घाईत मोबाइल घरातच चार्जिंगला राहिला.

नवं शहर, नवं ऑफिस. संपादक बाई तापट होत्या, मला लगेच आवडल्या. सोमवारी पहिल्याच दिवशी मला एका पुलाच्या दुरुस्तीची बातमी मिळाली. चार ओळी. मी त्या एका कोपऱ्यात बसून, कुणाशी न बोलता लिहिल्या. दिवसभर तसं कुणाशी बोलावंच लागलं नाही. इकडे ये, तिकडे बस, हे वाच. मी मान डोलावत होते. खाली माझं नाव लागणार होतं, पूर्ण नाव. संध्याकाळी मला वाटलं, आता आईला सांगावं. रागावलेली असेल तरी हे ऐकून हसेल. मी टेबलावरच्या फोनवरून तिचा नंबर लावला.

"हॅलो?" आई म्हणाली. मागे ताटांचा आवाज. सगळे जेवायला बसले होते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्यामागून कुणीतरी विचारलं, "आई, कोण आहे गं?"

आपला साधा आवाज माणसाला बाहेरून सहसा ऐकू येत नाही. मी रेडिओत काम केलेलं, मला तो ओळखता येतो. तो माझा होता. स्टुडिओतला नव्हे, घरातला, सकाळी दात घासताना आईला हाक मारण्याचा. फक्त त्यात एक गोष्ट नव्हती. चिडचिड नव्हती.

"बघते गं, तू जेव," आई म्हणाली.

"मुकाट्याने जेव," मागून काका म्हणाले. "उद्यापासून घरकामात काकूला हातभार लाव."

"हो काका."

हो काका. आयुष्यात मी त्या माणसाला नुसतं 'हो' म्हटलेलं नाही. माझं डोकंच फिरलं. भीती नंतर आली, आधी संताप आला, आणि मी सगळी ताकद लावून ओरडले, "आई, मी बोलतेय! मी! ती नाही, मी!"

शब्द माझेच होते. पण ते सावकाश आले. खालच्या पट्टीत, जरा ओले. आणि वाक्याच्या शेवटाला थकले.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून पाहिलं. तिकडे क्षणभर ताटांचाही आवाज थांबला.

"अय्या!" आई म्हणाली. तिचा आवाज आनंदाने कापत होता. "अहो, ऐकलंत का? सगळे इकडे या! आत्याबाई आहेत! स्वतः फोन केलाय! आणि आत्याबाई, मला 'आई' काय म्हणता हो, मी तर तुमच्या लेकीसारखी!"

खुर्च्या सरकल्या. काकूंची घाई ऐकू आली, बाबांचं खाकरणं ऐकू आलं. कुणीतरी फोनचा स्पीकर चालू केला, कारण एकदम सगळं घर माझ्या कानाशी आलं. त्यांचे सगळ्यांचे श्वास. जन्मात पहिल्यांदा त्या घरात कुणीही मधे बोलत नव्हतं.

"बोला ना, आत्याबाई," आई म्हणाली. "आम्ही सगळे ऐकतोय."